माधवच्या पानावर

सोलापुरात भूक लागली की मी भराभर चालायचो. रमतगमत चालणारा तरुण बेकार दिसतो आणि झपाझप चालणारा कुठल्यातरी कामाला निघालेला दिसतो, हे मला तिथं आल्याआल्याच कळलं होतं. डोक्यावर काळी टोपी, अंगात एकुलता एक कोट, कोटाच्या आतल्या खिशात मॅट्रिकचं सर्टिफिकेट घडी करून ठेवलेलं, आणि चेहरा असा, की कुणीतरी साहेब माझी वाट बघत खोळंबलाय. सात रस्त्याला आलं की पंचाईत व्हायची. कुठल्या रस्त्यानं जायचं हे ठरवायला आधी कुठंतरी जायचं असावं लागतं. पण चौकात घुटमळताना कुणी बघू नये म्हणून जो टांगा पहिल्यांदा वळेल त्याच्या मागं मीही वळायचो, आणि पुष्कळ लांब गेल्यावर घाम पुसत एखाद्या झाडाखाली उभा राहायचो. आता या वयात डॉक्टर मला चालायला सांगतात तेव्हा सून हसते, कारण मी अजूनही फिरायला निघालो की गाडी चुकल्यासारखा चालतो. तिला त्याचं कारण मी कधी सांगितलं नाही.

राहायला मी विणकरांच्या वस्तीत होतो. मल्लय्या नावाच्या एका साळ्याच्या घराचा माळा मला मिळाला होता. खाली त्याचे माग. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि तो विरतो न विरतो तोच खाली खटक्-फट, खटक्-फट सुरू व्हायचं. माळ्याच्या फळ्या त्या ठेक्यावर थरथरायच्या, पाण्याच्या तांब्यात बारीक वर्तुळं उठायची. सबंध घराला सुताच्या खळीचा आंबूस वास होता. मल्लय्या, त्याची बायको नरसम्मा, तिची सासू, सगळी माणसं दिवसभर कामात. कुणी मागावर, कुणी कांड्या भरतंय, कुणी सूत वाळत घालतंय. त्या घरात दिवसा आडवा झालेला एकच माणूस होता, आणि तो मी. म्हणून भोंगा झाला की मीही कोट चढवून खाली उतरायचो. नरसम्मा मान वर करून म्हणायची, ‘हापिसला काय?’ मी नुसतं हसायचो. ते हसणं तिला खरं वाटत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

स्वयंपाक मी माळ्यावरच शेगडीवर करायचो. ज्वारीचं पीठ, मीठ, तिखट आणि कधी हुलग्याचं माडगं. भाकरी मला थापता यायची नाही, ती नेहमी काठाला फाटायची. खरा आधार होता तो आईनं मंद्रूपहून पाठवलेल्या कडक भाकऱ्यांचा. पापडासारख्या वाळवलेल्या त्या भाकऱ्या फडक्यात बांधून आठवड्याच्या गाड्यांबरोबर यायच्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. भाकरी मोडायची, पाण्यात भिजवायची, वर चटणी भुरभुरायची आणि डोळे मिटून खायची. डोळे मिटायचे ते अशासाठी, की दुपारच्या त्या वेळेला खाली माग थांबायचे आणि नरसम्माच्या चुलीवर चिंचेचं चारू, म्हणजे पातळ सार, उकळायचं. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी बसली की तो वास फळ्यांच्या फटींतून सरळ माझ्या भिजवलेल्या भाकरीवर यायचा. एकदा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून म्हणाली, ‘भटजीबाबू, तुमी आमच्या हातचं खात नाय. नाय तर वाटीभर दिलं असतं की.’ मी म्हटलं, ‘हो ना, घरची शिस्त आहे.’ त्या शिस्तीवर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता. पण मागून खाण्यापेक्षा जातीच्या नावावर उपाशी राहणं बरं दिसत होतं, म्हणून ती शिस्त मी ढालीसारखी पुढं धरली. ती बिचारी परत गेली. मी भाकरीचा भिजलेला तुकडा तोंडात टाकला आणि पुष्कळ वेळ चावत बसलो.

भाकऱ्या आणायला मात्र गाडीतळावर जावं लागायचं, आणि ती मोठी शिक्षा होती. आमच्या गावचा विठोबा गाडीवान लांबूनच ओरडायचा, ‘काय इष्णुपंत, लागली का न्हाय नोकरी? आईनं इचारलंय.’

‘लागलीच म्हणून सांग.’

‘लागलीच म्हंजी? लागली, का लागायची हाय?’

‘अरे, लागल्यातच जमा आहे.’

‘म्हंजी न्हाय लागली,’ विठोबा शांतपणे म्हणायचा आणि बैलांना वैरण टाकायला वळायचा. गाडीतळावरची सगळी माणसं माझ्याकडं बघताहेत असं मला वाटायचं. खरं म्हणजे कुणाला सवड नसायची.

परत गावी जावं, तर तोंड नव्हतं. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, गावचं जोशीपण करायचे. लग्नं, मुंजी, बारशी, श्राद्धं, आणि पंचांग बघून कुणाला म्हैस कधी घ्यावी तेही सांगायचे. मी मॅट्रिक होऊन घरी आलो, त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीवर एका श्राद्धाला ब्राह्मण कमी पडत होता म्हणून त्यांनी मला चल म्हटलं. मी माजघरात सगळ्यांदेखत म्हणालो, ‘दुसऱ्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं वाढलेलं अन्न मी खाणार नाही. मी नोकरी करीन.’ त्यांच्या ताटात त्या वेळी तसलंच अन्न होतं. नानांनी हातातला घास खाली ठेवला नाही, रागावलेही नाहीत. ‘बरं,’ म्हणाले, आणि जेवण पुरं केलं. दुसऱ्या दिवशी मी विठोबाच्या गाडीत बसलो.

नोकरीसाठी मी ज्या ज्या दारांत गेलो त्यांची आठवण आता एकमेकांत मिसळून गेली आहे. गिरण्यांत माणसं कमी करत होते, कचेऱ्यांत आहेत त्यांनाच काम नव्हतं. पण एक दार स्पष्ट आठवतं. एका मोठ्या पेढीच्या ऑफिसात केशवराव म्हणून हेडक्लार्क होते. उंच, सडसडीत, कपाळाला गंधाची बारीक रेघ, बोलणं हळू आणि नेमकं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. बाकी कुणीच बसवलं नव्हतं. माझं अक्षर बघितलं, इंग्रजीत एक मजकूर लिहून घेतला, तो वाचून मान हलवली. मग सहज विचारलं, ‘घरी काय असतं?’

आता भिक्षुकी असते म्हणायचं, एवढंच होतं. पण त्या टेबलावरच्या काचेच्या दौती, मागं फिरणारा पंखा, केशवरावांचा इस्त्रीचा कोट. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘शेती आहे. वडील शेती बघतात. तसं घरचं बरं आहे. आपलं, हाताला काही काम असावं म्हणून.’

केशवरावांनी माझा कागद हळूच बाजूला सारला. ‘मग घाई नाही तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडं पुष्कळ मुलं येतात, घरी चूल पेटत नाही अशी. त्यांचं आधी बघावं लागतं. तुमचं अक्षर चांगलं आहे. पुढं कधी जागा झाली तर कळवीन.’

मला ओरडून सांगायचं होतं की अहो, मी कालपासून नुसत्या चुरमुऱ्यांवर आहे. मी म्हणालो, ‘हो, हो, घाई काहीच नाही.’ आणि नमस्कार करून, पाठ ताठ ठेवून बाहेर आलो. रस्त्यावर ऊन असं होतं की डोळ्यांपुढं काळं आलं. त्या दिवशी मी भराभर चाललो नाही. नव्या पेठेच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या फळीवर बसून राहिलो. समोर गुळाच्या ढेपा फोडत होते, आणि गिऱ्हाइकांना चवीपुरता खडा देत होते. मी उठलो, भाव विचारला, खडा तोंडात टाकला, नाक मुरडलं आणि पुढच्या दुकानात गेलो. तिथंही भाव विचारला.

तात्याभटजी भेटले ते तळ्याच्या काठावर. मी धोतर धुऊन पायरीवर वाळत घातलं होतं आणि पंचा गुंडाळून ते वाळायची वाट बघत होतो. बाजूला एक ठेंगणे, पोट सुटलेले, अंगभर भस्म लावलेले गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ माझ्याकडं निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘मंद्रूपच्या नानांचा का रे तू? नाक तेच आहे.’

नाकारता येण्यासारखं नव्हतं. तात्या आणि आमचे नाना लहानपणी एका पाठशाळेत होते. त्यांनी मला इथं कधी आलास, काय करतोस, असलं काही विचारलं नाही. माझ्या बरगड्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘परवापासून पितृपंधरवडा लागतोय. मला क्षणाला, पितरांच्या जागी बसायला, ब्राह्मण पुरत नाहीत. दुपारी बसायचं, पानावर वाढतील ते मुकाट जेवायचं, दक्षिणा घेऊन उठायचं. येतोस?’

‘मी असलं करत नाही,’ मी म्हणालो.

‘करू नकोस. जेव नुसता.’ आणि माझं धोतर उलटं करून वाळत घालत ते पुढं म्हणाले, ‘नानांना कळवणार नाही मी.’

मी नाही म्हणालो, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

पहिल्या पानाची आठवण अजूनही माझे कान तापवते. कुणातरी कापडवाल्याचं घर होतं. केळीच्या पानावर वडे, खीर, अळूची पातळ भाजी, आमसुलाची चटणी, साजूक तुपाची धार. यजमान हात जोडून समोर, मी पितरांच्या जागी. आणि मी त्या अन्नावर तुटून पडलो. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, ‘बाळ, पितर भुकेले असतात हे खरं. पण एवढे नसतात. पहिला घास सावकाश घेत जा.’ पुढच्या गल्लीत वळताच माझ्या सवय मोडलेल्या पोटानं सगळं परत केलं, आणि तात्या माझं डोकं धरून उभे राहिले. मला वाटत होतं, आता कुणी शाळासोबती या गल्लीतून न येवो. सोवळ्याचं ओलं धोतर कोटाखाली पोटाशी धरून, आडबाजूच्या बोळांतून मी माळ्यावर पोचायचो. दुपारी पोटभर जेवल्यावर नानांना बोललेलं वाक्य मनात घोळायला लागायचं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जेवणासारखं जड व्हायचं, आणि सकाळी मी पुन्हा तात्यांकडं जायचो.

त्याच पंधरवड्यातल्या भरणीच्या दिवशी तात्या वाटेत नेहमीपेक्षा कमी बोलत होते. सात रस्त्याच्या बाजूचं एक टापटीप घर. दारात पोचल्यावर ते थांबले. ‘घरातल्या बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं, तरुण ब्राह्मण आणा. मुलगा गेलाय त्यांचा, माधव, याच वर्षी. तुझ्याच वयाचा. लग्न न झालेला ब्राह्मण शास्त्रात बसतो का, हे मला विचारू नकोस. मी बसवतोय.’

सोवळं नेसून मी पाटावर बसलो. पुढं ताम्हन मांडलेलं होतं. देवस्थानी, म्हणजे देवांच्या जागी, एक म्हातारे ब्राह्मण बसले होते, त्यांचे पाय आधी धुऊन झाले. मग यजमान माझ्यापुढं येऊन गुडघ्यावर बसले आणि मी खाली बघत होतो तो मला कपाळावरची गंधाची बारीक रेघ दिसली.

केशवराव.

त्यांनीही वर बघितलं. मला पाय मागं ओढायचे होते, पण तात्यांचे मंत्र सुरू झाले होते आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तांब्यातून पाण्याची धार धरली होती. केशवरावांनी माझा उजवा पाय हातात घेतला. सगळं सोलापूर त्या पायांनी तुडवलं होतं. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत धूळ, चप्पल केव्हाच गेलेली. ते अंगठ्यानं ती धूळ चोळून काढत होते, सावकाश, जसं अक्षर तपासावं तसं. आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी दोन्ही पाय कोरडे केले. घरी शेती आहे, घाई नाही, असं त्या माणसाला सांगितलेले माझे शब्द माझ्या मांडीवर बसल्यासारखे वाटत होते. त्यांच्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती माझ्या खांद्यांकडं बघत होती. ‘बांधा तोच आहे, नाही?’ ती नवऱ्याला म्हणाली. केशवरावांनी ताम्हन बाजूला सारलं.

श्राद्धाला जेवणारानं बोलायचं नसतं. हवं-नको हातानं सांगायचं, अन्नाला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. त्या दिवशी तो नियम मला देवासारखा वाटला. पानाभोवती भस्माची रेघ ओढली, वाढप झालं. मी पहिला घास सावकाश घेतला. मग बाई स्वयंपाकघरातून एक झाकलेली परात घेऊन आल्या. परातीतून भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास आला.

तात्या मंत्र थांबवून म्हणाले, ‘वहिनी, शेंगा श्राद्धाला चालत नाहीत.’

बाई तिथंच उभ्या राहिल्या. ‘त्याला चालायच्या,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, शास्त्र...’

‘वाढू द्या, तात्या,’ केशवराव म्हणाले. आवाज ऑफिसातलाच होता, हळू आणि नेमका.

शेंगाची पोळी माझ्या पानावर पडली. कडेनं जरा करपलेली, वर तुपाचं थारोळं. मी ती मोडली. गूळ अजून गरम होता. बाई माझ्या पानाच्या समोरच, उंबऱ्याला टेकून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. माझ्याशी नाही. त्या पोळीकडं बघत होत्या.

‘डॉक्टरांनी काही पोटात जाऊ दिलं नाही. विषमज्वर, म्हणाले, लंघनच पाहिजे. नुसतं पाणी. शेवटी शेवटी तर तो वासावर उठायचा. शेजारी कुणी पोळ्या भाजल्या की म्हणायचा, आई, शेंगाची आहे ना गं ती? मी उठून दारं लावून घ्यायची. म्हणायचा, एवढासा तुकडा दे, डॉक्टरांना सांगत नाही. मी दिला नाही. मला वाटलं, बरा होईल, मग परातभर करीन.’

देवस्थानचे म्हातारे हात थांबवून बसले होते. आणि मी जेवत होतो. तेच मला आजही सांगवत नाही. त्या बाईचं बोलणं माझ्या कानांत शिरत होतं, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझा हात पानावरून तोंडाकडं जायचा थांबत नव्हता. पोळी इतकी चांगली झाली होती. ती संपली तशी त्यांनी दुसरी वाढली. ‘घे रे. लाजू नकोस.’ मी तीही खाल्ली. मेलेला मुलगा भुकेला गेला होता आणि जिवंत मी भुकेला आलो होतो, आणि त्या माउलीला वाटत होतं की ही भूक त्याची आहे. तिला कसं कळावं, की ती माझी, साधी, बेकार माणसाची भूक होती. केशवरावांना मात्र कळत होतं. ते समोर हात जोडून बसले होते, आणि माझा प्रत्येक घास बघत होते.

जेवण संपत आलं. तात्यांनी खूण केली तसे केशवराव पुढं झाले. यजमानानं ब्राह्मणांना तृप्त झालात ना, असं संस्कृतात विचारायचं असतं, आणि ब्राह्मणांनी झालो म्हणायचं असतं. एवढे दोनच शब्द. केशवरावांनी ते कसेबसे म्हटले. म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. नानांनी लहानपणी घोकून घेतलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. तात्यांचे ओठ मला शब्द पुरवत होते, पण मी बाईंकडं बघत होतो. त्यांच्या हातात परात होती, आणि त्या वाकून वाट बघत होत्या.

‘आई,’ मी म्हणालो, ‘पोट भरलं.’

परात त्यांनी खाली ठेवली. मग त्याही उंबऱ्यातच खाली बसल्या.

‘भरलं?’

‘भरलं.’

‘अर्धी वाढू?’

‘नको, आई. खरंच भरलं.’

त्या नवऱ्याकडं वळल्या. ‘ऐकलंत? भरलं म्हणतोय.’

‘ऐकलं,’ केशवराव म्हणाले. तात्यांनी शास्त्राबद्दल एक अक्षर काढलं नाही. पुढचे मंत्र ते इतके भराभर म्हणाले, की मला एकही ओळखू आला नाही.

मी कपडे घालून मागच्या दारानं निघून जाणार होतो. पण दारात केशवराव उभे होते. आत बाई पानं उचलत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी दक्षिणा माझ्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या हातानं माझी मूठ मिटवून धरून ठेवली.

‘शेती आहे म्हणाला होतात.’

‘नाही. वडील भिक्षुकी करतात.’

‘मग खोटं का बोललात?’

‘लाज वाटली.’

‘आणि आज?’

त्यांनी मूठ सोडली. आतल्या बाजूला एकदा बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. ‘सोमवारी ऑफिसात या. जागा करतो मी. पण एक ऐका. या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. सणाला नाही, कामाला नाही, मी आजारी पडलो तरी नाही. ती तुमची वाट बघायला लागेल. रोज परात घेऊन बसेल. तिचं ते मला बघवणार नाही.’ मग म्हणाले, ‘आणि मीही कदाचित वाट बघायला लागेन.’

मी सोमवारी गेलो. कुठल्याही स्वाभिमानी तरुणानं जाऊ नये, असं मी कित्येकदा स्वतःला सांगितलं आणि तरी सर्वांत आधी जाऊन दारात उभा राहिलो. नोकरी माझ्या अक्षराला मिळाली नाही, सर्टिफिकेटला मिळाली नाही. एका घरात जाऊन त्यांच्या मुलाच्या नावानं पोटभर जेवलो, म्हणून मिळाली. घरी चूल पेटत नाही अशी जी मुलं केशवरावांच्या मनात आधी होती, त्यांतल्या कुणाची ती जागा असणार. तो कोण, कुठं गेला, त्याचं काय झालं, मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं मी टाळलं. नानांना मात्र तात्यांनी अखेर सांगितलंच. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा नानांनी त्याबद्दल काही काढलं नाही. जेवताना आईला एवढंच म्हणाले, ‘त्याला वाढ अजून.’

ऑफिसात केशवराव मला इतरांसारखंच वागवत. माझ्या चुका लाल शाईनं दाखवत, चांगलं काम झालं तर मान हलवत. त्यांच्या घरी सत्यनारायण असला की सगळं ऑफिस तीर्थप्रसादाला जायचं. त्या दिवशी केशवराव माझ्या टेबलावर मुद्दाम एखादं वाढीव काम आणून ठेवायचे आणि मी ते उशिरापर्यंत करत बसायचो. बाकीच्यांना वाटायचं, साहेबांची माझ्यावर खप्पा मर्जी आहे. मी तसं वाटू दिलं.

अशी काही वर्षं गेली. मी विणकरांच्या वस्तीतून बाहेर पडून दोन खोल्या घेतल्या, आईला राहायला आणलं, मिशा ठेवल्या. नियमित जेवणानं माझं अंग भरलं, कोट दोनदा उसवून सैल करावा लागला. एका संध्याकाळी नव्या पेठेत मी आईसाठी लुगडं बघायला शिरलो तर दुकानाच्या पायरीवरच केशवराव आणि बाई समोर आल्या. पळायला वाट नव्हती. मागून माणसांचा लोंढा येत होता. बाईंनी माझ्याकडं सरळ बघितलं, डोळे चेहऱ्यावरून खांद्यांवर आले, खांद्यांवरून पुन्हा चेहऱ्यावर गेले. त्या वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. मी हात जोडले.

‘कोण हो हे?’ त्यांनी नवऱ्याला विचारलं.

‘आमच्या ऑफिसातले आहेत,’ केशवराव म्हणाले, आणि दुकानाच्या दाराशी टांगलेल्या लुगड्याचा काठ बोटांत धरून बघू लागले.

मला हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, त्यांनी ओळखायला हवं होतं असंही वाटलं. त्या माझ्याकडं बघून हसल्या, परक्या माणसाकडं बघून मोठ्या घरची बाई हसते तसं, आणि म्हणाल्या, ‘तब्येत छान ठेवलीय हो तुम्ही. घरी आई आहे वाटतं?’

‘आहे.’

‘तरीच. त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, मुलाला चांगलं खाऊपिऊ घालताय.’

‘सांगतो,’ मी म्हणालो, आणि त्यांना उतरता यावं म्हणून पायरीवरून बाजूला झालो.